व्हॉल्व्ह तापेपर्यंत

डुक्कर फियाटच्या जुन्या रेडिओत मोबाइलवरचं गाणं वाजणार, ही बातमी प्रेमराज नानांनी आठ दिवस आधीच गावभर करून ठेवली होती. त्यामुळे रविवारी सकाळी शेडपुढे दहा-बारा माणसं चहाचे कप हातात धरून उभी होती. त्यांच्या मागे, सावलीत, नानांची सून चारुलता एकोणीस महिन्यांच्या मोहिनीला कडेवर घेऊन उभी होती. तिला रेडिओचं काही अप्रूप नव्हतं. ती मोहिनीकडे पाहत होती. गेले सात महिने ती तेच करत आली होती.

यावलपासून आठ किलोमीटरवरच्या त्या गावात फियाट आली ती नानांच्या वडिलांनी आणलेली. केळीला पहिल्यांदा घसघशीत भाव मिळाला त्या वर्षी म्हातारा मुंबईला गेला आणि गाडी घेऊन आला, तीही रेडिओ बसवलेली. घरातल्या चार लेकी त्याच गाडीत बसून सासरी गेल्या. रेडिओ मात्र केव्हाचा मुका झाला होता. हितेंद्र, म्हणजे नानांचा मुलगा आणि चारुलताचा नवरा, म्हणायचा, "नाना, तो डबा काढून फेका. टचस्क्रीन बसवू, चार हजारांत काम होतं." त्यावर नाना उसळायचे. "डॅशबोर्डाले करवत लावशीन तं हात तोडीन. माह्या बापाची गाडी हाये."

शेवटी माणूस सापडला तो चारुलताच्या माहेरी, धुळ्याला. पाचकंदिलाच्या मागच्या गल्लीत भिकन मिस्त्री नावाचा एक म्हातारा अजून जुने रेडिओ दुरुस्त करायचा. त्याने रेडिओ महिनाभर ठेवून घेतला आणि आत काड्यापेटीएवढी ब्लूटूथची पाटी बसवून दिली. बाहेरून काही कळत नव्हतं. फिरवायचे तेच दोन गुंडे, तोच पिवळट काचेचा डायल, तोच काटा. पण मोबाइलवर गाणं लावलं की ते ह्या डब्यातून यायचं.

"आण इकडे आजीबाईले," नाना म्हणाले. मोहिनीला ते आजीबाई म्हणायचे, कारण तिचं नाव त्यांच्या आईचं होतं. त्यांनी तिला मांडीवर घेतलं आणि स्टिअरिंगमागे बसले. हितेंद्र समोरून मोबाइलवर व्हिडिओ काढत होता. नानांनी गुंडा फिरवला. डायलमध्ये दिवा लागला. माणसं थांबली. कुणीतरी म्हणालं, "नाना, भिकनने गंडवलं तुम्हाले." हशा झाला. मग एकदम ढोलकी सुरू झाली, आणि त्या वर्षी प्रत्येक हळदीला वाजलेलं ते खान्देशी गाणं गाडीतून असं आलं की जणू साठ वर्षांपूर्वीच कुणी गाऊन ठेवलं होतं. जाड, थोडं नाकातलं, मागे बारीक खरखर.

आणि मोहिनी हसत होती. दोन्ही तळवे डॅशबोर्डवर टेकवून, खांदे उडवत, खदाखदा.

नानांच्या हातून गुंडा सुटला. "आयकते!" ते ओरडले. "सुनंदा, भाहेर ये! पोरगी आयकते!"

सासूबाई, सुनंदाबाई, ओल्या हातांनीच धावत आल्या. कुणी काही विचारलं नाही आणि कुणाला काही सांगावं लागलं नाही. याचा अर्थ सगळ्यांनाच ठाऊक होता. चारुलताच्या लक्षात आलं की आपण जे सात महिने घरातल्या घरात झाकून ठेवलं ते शेडपुढच्या दहा-बारा माणसांना केव्हाचं माहीत आहे. तिला त्याचंही काही वाटलं नाही. हातात कप होता, तो तिने कठड्यावर ठेवला.

हे सगळं सुरू झालं होतं कुकरच्या शिट्टीपासून. मोहिनी वर्षाची झाली तेव्हा चारुलताला दिसलं की शिट्टी झाली की मांजर दचकतं, पोर दचकत नाही. त्या दिवसापासून तिच्या मोबाइलमध्ये एक यादी होती. 'ताट पडलं, वळली (माझी सावली?)'. 'फटाका, नाही'. 'हाक मारली, तीनदा नाही, चौथ्यांदा वळली, पण तेव्हा दार लागलं, वारा आला असेल'. एम.एस्सी.ला असताना ती प्रयोगवहीत जसं लिहायची तसंच. सुरुवातीला प्रत्येक नोंद ती पुसायची आणि पुन्हा लिहायची. मग पुसणं थांबलं. आता ती नुसती लिहायची. भाजी चिरावी तसं.

"आपल्या घरातले सगये उशिराच बोलता," नाना म्हणायचे. "मी तीन वरसाचा व्हतो तवा बोललो. तव्हापासून थांबलो नही." आणि सुनंदाबाई हसायच्या. पण धुळ्याचे डॉक्टर हसले नव्हते. जळगाव जवळ असूनही ती धुळ्याला गेली होती, कारण जळगावच्या कुठल्याही दवाखान्यात भावकीतलं कुणीतरी रांगेत भेटतंच. डॉक्टर म्हणाले होते, झोपेत एक तपासणी करावी लागेल, कानामागे तारा लावून. दोन वर्षांच्या आत कळलं तर खूप काही करता येतं. मग दर महिन्याला थोडं थोडं कमी करता येतं. दोन महिने थांबून तारीख मिळाली होती, ती ह्या मंगळवारची. ही चुकली की पुढची पावसाळ्यात.

रविवारी दुपारपर्यंत साखर वाटून झाली. संध्याकाळपर्यंत नानांनी ठरवलं की मंगळवारी मनुदेवीला जायचं, पोरीच्या वजनाइतकी केळी चढवायची, पन्नास माणसांचं जेवण. नवस सुनंदाबाईंनी मनातल्या मनात केव्हाच बोलून ठेवला होता.

"मंगळवारी धुळ्याची तारीख आहे," चारुलता म्हणाली.

"आता काय धुळ्याचं?" नाना म्हणाले. "डोळ्यांनी पाह्यलं ना तू."

रात्री अंथरूण घालताना हितेंद्र म्हणाला, "सकाळी फोन करून टाक दवाखान्यात. नको म्हणून सांग. उगाच दुसऱ्या कुणाचा नंबर अडतो."

"हो," ती म्हणाली.

तो किती दिवसांनी असा पडल्या पडल्या झोपला. ती त्याच्याकडे पाहत राहिली. आनंद व्हायला हवा, तो कुठे आहे, असं तिने स्वतःला चाचपून पाहिलं. बधिर दाढेवर जीभ फिरवावी तसं झालं. दाढ जागेवर होती.

सोमवारी सकाळी तिने फोन केला नाही. करायचा नाही असं काही ठरवलं नव्हतं. दूध उतू गेलं, मजूर आले, मोहिनीला आंघोळ घातली, आणि केला नाही, एवढंच.

दुपारी भावकीच्या ग्रुपवर हितेंद्रने टाकलेल्या व्हिडिओखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली होती. चारुलताने व्हिडिओ लावला. पुन्हा लावला. मग पाचव्यांदा लावताना ती आकडे पाहू लागली. नाना गुंडा फिरवतात, चौथा सेकंद. मोहिनीचे तळवे डॅशबोर्डवर आहेतच. सहाव्या सेकंदाला ती हसायला लागते. "भिकनने गंडवलं" हे वाक्य सोळाव्या सेकंदाला आहे. ढोलकी येते तेव्हा खाली पस्तीस दिसतात.

गाणं सुरू होण्याआधी अर्धं मिनिट पोर हसत होती.

तिने मोबाइल पालथा ठेवला. मोहिनीला उचललं, खुंटीवरची किल्ली घेतली आणि शेडमध्ये गेली. नाना बागेत होते, सुनंदाबाई झोपल्या होत्या. फियाटमध्ये तापलेल्या रेक्झिनचा वास होता. तिने पोरीला मांडीवर घेतलं, तिचे तळवे डॅशबोर्डवर ठेवले आणि गुंडा फिरवला. मोबाइलचं ब्लूटूथ बंदच होतं, गाणं येण्याचा प्रश्न नव्हता.

मोहिनी हसली.

दिव्याला हसत असेल. तिने ओढणी डायलवर टाकली, रेडिओ बंद केला, पुन्हा लावला. मोहिनी हसली. मग चारुलताने तिचे हात उचलून स्वतःच्या हातात धरले. हसू थांबलं. पोर मान वळवून खिडकीबाहेरच्या कोंबडीकडे पाहू लागली. हात परत टेकवले. हसू आलं. चारुलताने स्वतःचा तळवा तिच्या तळव्याशेजारी टेकवला तेव्हा तिलाही लागलं. पत्र्याच्या आत कुठेतरी, माशी अडकावी तशी, बारीक थरथर.

आता तिने ब्लूटूथ जोडलं, तेच गाणं लावलं, आवाज पूर्ण वाढवला आणि पोरीला घेऊन गाडीबाहेर, उघड्या दारापाशी उभी राहिली. गाणं शेडच्या पत्र्यावर आपटत होतं. मोहिनीने तिच्या मंगळसूत्राचा मणी तोंडात घातला.

तिने तिथूनच भिकन मिस्त्रीला फोन लावला.

"काय व्हयनं ताई? बिघडना का?"

"नाही बाबा, छान वाजतो. एक विचारायचं होतं. बटण फिरवल्यावर लगेच आत काहीतरी थरथरतं, आणि गाणं उशिरा येतं. असं का?"

"मंग काय, जुना माल शे तो!" म्हातारा खूश झाला. "थरथरस तो व्हायब्रेटर. बॅटरीना करंट वाढाडाकरता पहिले तो चालू व्हस. आवाज व्हॉल्व्हमाईन, काचन्या नळ्यासमाईन येस, आनि व्हॉल्व्ह तापाले अर्धं मिनिट लागस. तोपावत नुसती थरथर. मी बठ्ठं मूळनं ठेयेल शे, ताई. नवा सर्किट टाकता तं आवाज लगेच येता. पन नानासले मूळनंच जोयजे व्हतं."

"हो. नानांना मूळचंच हवं होतं."

"पोरगी आयकस म्हने त्यानावर? तुमना पप्पा सांगी ऱ्हायंतात."

"ठेवते बाबा," ती म्हणाली.

तिने यादी उघडली आणि लिहिलं, 'रेडिओ, नाही'. धुणं वाळलं असेल, हे आठवलं.

स्वयंपाकघरात सुनंदाबाई मंगळवारसाठी चिवडा करायला बसल्या होत्या. चारुलताने त्यांना आधी सांगितलं, कारण त्या समोर होत्या. व्हिडिओतले सेकंद, हात उचलणं, भिकनने सांगितलेलं, सगळं सरळ सांगितलं. सुनंदाबाईंनी झारा कढईत तसाच धरून ठेवला. पोहे करपले.

"चारू," त्या म्हणाल्या, "तुले पोरगी बहिरीच पाह्यजे का व?"

चारुलताने गॅस बंद केला.

"सारी दुनिया आनंदात हाये अन् तू गाडीत बसून खोड्या शोधू राहिली. हात उचलून पाह्यते, दिवा झाकून पाह्यते. माय हायेस का पोलीस?"

"आई, तारीख उद्या आहे."

"तारखा येता अन् जाता. नवस फिरवता येत नही."

हितेंद्र जळगावहून कामावरून आला तेव्हा त्याने पायातले बूट न काढताच सगळं ऐकलं. तोही ओरडला नाही. म्हणाला, "एक आठवडा. फक्त एक आठवडा मला असंच राहू दे. मग जाऊ."

"एका आठवड्याने तारीख नसते, अहो. पावसाळ्यात मिळते."

"तू फोन केला नाहीस?"

"नाही."

तो पाय धुवायला मोरीत गेला आणि बराच वेळ नळ चालू राहिला.

राहिले नाना. ते अंधारायच्या आधी बागेतून आले. सदऱ्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग होते आणि खांद्यावर उद्याच्या तुलेसाठी निवडलेला पहिला घड. एक डाग नसलेला. त्यांनी तो ओट्यावर असा अलगद ठेवला की चारुलताला वाटलं, आजचा दिवस जाऊ द्यावा. ह्या माणसाने महिनाभर रेडिओची वाट पाहिली, आणि त्यातून त्याला रेडिओपेक्षा मोठं काहीतरी मिळालं. ते काढून घ्यायला तीच उरली होती.

"नाना, जरा गाडीपाशी येता?"

"काहून? चालत नही का?"

"चालतो. तुम्ही चला."

तिने त्यांना समजावून काही सांगितलं नाही. नाना स्टिअरिंगमागे बसले, पोर मांडीवर. "मोबाइल नका लावू," ती म्हणाली. "नुसता गुंडा फिरवा."

नानांनी गुंडा फिरवला. मोहिनीने तळवे टेकवले आणि हसली. नानाही हसले. "पाह्य. गाण्याची वाट पाहू राहिली आजीबाई." ते मोबाइल काढू लागले, तेव्हा चारुलता म्हणाली, "गाणं नाहीच आहे नाना. आता तिचे हात उचला."

नानांनी हात उचलले. हसू थांबलं. त्यांनी ते परत टेकवले. हसू आलं. पुन्हा उचलले. मग त्यांनी स्वतःचा हात टेकवला, काळ्या भेगांचा, आणि तसाच ठेवून बसले. त्यांनी रेडिओ बंद केला. परत लावला. असं त्यांनी किती वेळा केलं ते चारुलताने मोजलं नाही. मोजायची सवय असूनही. शेवटी त्यांनी पोरीच्या कानामागे तोंड नेलं आणि हळू हाक मारली. मग मोठ्याने. मग बागेत मजुरांना मारतात तशी. ओसरीवरून सुनंदाबाई उठून उभ्या राहिल्या. मोहिनी नानांच्या सदऱ्याचं बटण उघडायच्या खटाटोपात होती.

"तुले कव्हापासून माहीत हाये?" नानांनी विचारलं.

"सात महिने वाटतंय. माहीत आज झालं."

"अन् आम्ही सारे साखर वाटू राहिलो."

नाना गाडीतून उतरले. पोर तिच्याकडे दिली. दार लावताना ते दोनदा लागलं नाही, तिसऱ्यांदा लागलं.

"किती वाजताची हाये धुळ्याची?"

"दहाची. तिला पहाटेपासून जागं ठेवावं लागेल. तपासणीत झोपली पाहिजे."

"मंग चारले निघू. मी ठेवतो जागं." ओसरीकडे वळून ते म्हणाले, "हितेंद्र, तुह्या गाडीत डिझेल हाये का पाह्य."

"नाना, पन्नास माणसांना सांगितलंय," सुनंदाबाई म्हणाल्या.

"पन्नास जनाईले तोंड मी दाखवीन," नाना म्हणाले. "तू चल, नही तं घरी राह्य."

त्या आल्या. चोपडा गेलं, अमळनेर गेलं, नाना मागच्या सीटवर पोरीला गुदगुल्या करत होते, खिडकीला तिचं नाक टेकवत होते, ट्रक दाखवत होते. बोलत नव्हते. इतका वेळ न बोलता राहिलेले नाना चारुलताने प्रथमच पाहिले. फागण्याच्या पुढे उजाडलं. कापसाच्या शेतांत नुसत्या वाळक्या पळाट्या उभ्या होत्या.

दवाखान्यात खिडकीपाशी बसलेल्या बाईने फॉर्म पुढे ओढला. नाव, वय, गाव. "तक्रार काय?"

सात महिने वेगवेगळ्या खिडक्यांपाशी चारुलता म्हणत आली होती, जरा उशीर आहे बोलायला, जरा कमी लक्ष देते, जरा हाकेला वळत नाही. हितेंद्रने शेजारी उभं राहून घसा साफ केला.

"तिला ऐकू येत नाही," चारुलता म्हणाली.

बाईने लिहिलं. तिला ते रोजचंच होतं.

मोहिनी औषध पाजण्याआधीच झोपली. कपाळावर आणि कानांमागे छोट्या चकत्या चिकटवल्या, तारा लावल्या. खोलीत आईशिवाय कुणी नको म्हणाले. चारुलता स्टुलावर बसली. पडद्यावर रेषा सरकत होत्या, बहुतेक सपाट. तिने त्या वाचायचा प्रयत्न केला नाही. पोरीच्या पायातला मोजा निसटला होता तो सारखा केला. तासाभराने तपासणी करणारी मुलगी म्हणाली, "दोन्ही बाजूंना नाही, मॅडम. पण बरं केलंत आत्ता आलात. आधी मशीन लावून पाहू. मग ऑपरेशनचं डॉक्टर सांगतील. वय आहे अजून हातात."

"किती?"

"चार-पाच महिने. तेवढ्यात सगळं बसवता येतं."

चारुलताने मान हलवली. तिने झोपलेली पोर खांद्यावर घेतली. झोपेने ती जड झाली होती, घामाने केस ओले.

बाहेर कॉरिडॉरच्या टोकाला नाना मोबाइलवर बोलत होते. त्यांचा आवाज मुळातच मोठा, त्यात पलीकडे मनुदेवीला जमलेल्या गलक्यात कुणाला ऐकू जात नसावं. बाकड्यांवर बसलेले लोक वळून पाहत होते. सुनंदाबाईंनी पदर तोंडाला लावून त्यांना खुणेने हळू बोलायला सांगितलं. नानांनी तिकडे पाठ केली.

"नही, नही, आज येनं नही व्हत," ते म्हणत होते. "सैपाक झाला अशीन तं तुम्ही जेवून घ्या सारे. आम्ही धुळ्याले हावो. पोरीले आनलं तपासाले. कान, कान! हो, मोहिनीचेच. नही, परवा जे सांगितलं ते चुकलं माह्यं. तिले आयकू येत नही. साऱ्याईले सांग. हो, नाव घेऊन सांग."